बायोडेटालेखन (नोकरीच्या अर्जासाठी)

नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या व्यक्तीचे शिक्षण, कामाचा अनुभव, अवगत कौशल्ये आणि संपर्काचा तपशील एक-दोन पानांत मांडणारा मजकूर म्हणजे बायोडेटा. त्यालाच सीव्ही किंवा रेझ्युमे असेही म्हणतात. शासकीय भरतीत बहुधा विहित नमुन्यातील अर्ज भरावा लागत असल्याने तेथे त्याचे महत्त्व मर्यादित राहते. खाजगी कारखाने, रुग्णालये, पतसंस्था आणि शाळा यांच्याकडे मात्र उमेदवाराची पहिली ओळख बायोडेटानेच होते. सांगली जिल्ह्यात कुपवाड व मिरज येथील औद्योगिक वसाहती, १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतील पंपनिर्मिती, मिरजेतील रुग्णालये, सांगलीची हळदीची बाजारपेठ आणि साखर कारखाने अशी कामाची क्षेत्रे परस्परांपासून इतकी भिन्न आहेत की, एकच बायोडेटा सगळीकडे पाठवून भागत नाही.

प्रचलित नमुन्यावर लग्नाच्या बायोडेटाची छाया अजूनही दिसते. वडिलांचा व्यवसाय, धर्म, वैवाहिक स्थिती, छंद आणि शेवटी ‘वरील माहिती खरी आहे’ असे प्रतिज्ञापन यांत पानाचा बराच भाग खर्ची पडतो, आणि निवड करणाऱ्याला जे हवे असते ते दोन ओळींत उरकले जाते. आधार क्रमांकासारखी माहिती तर बायोडेटात लिहूच नये. ती नेमणुकीच्या वेळी मागितली जाते.

बायोडेटाचे खरे बळ कामाच्या वर्णनात असते. आयटीआयमधून टर्नरचा (लेथ यंत्रावर धातूचे भाग कातण्याचा) ट्रेड पूर्ण करून कुपवाडच्या एखाद्या कारखान्यात ॲप्रेंटिस म्हणून वर्ष काढलेला उमेदवार पुष्कळदा ‘कंपनीत एक वर्षाचा अनुभव’ एवढेच लिहितो. त्याच उमेदवाराने ‘सीएनसी लेथवर पंपाचे शाफ्ट टर्निंग, ड्रॉइंग वाचून जॉब सेट करणे, टूल ऑफसेट देणे, ०.०१ मि.मी. लघुतम मापाच्या मायक्रोमीटरने तपासणी व नोंद’ असे लिहिले, तर सुपरवायझरला त्याला कोणत्या मशीनवर उभे करता येईल हे वाचतावाचता कळते. हाच नियम वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही लागू पडतो. ‘टॅलीचे ज्ञान’ या शब्दांतून काहीच समजत नाही. ‘हळदीच्या अडत दुकानात शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या करणे, हमाली-तोलाईच्या नोंदी, बँक जुळवणी, जीएसटीआर-१ या जीएसटी विवरणपत्रासाठी विक्रीची माहिती काढणे’ या वर्णनातून पूर्ण दिवसाचे काम दिसते. टंकलेखनाचे प्रमाणपत्र असल्यास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० असा मिनिटाला शब्दांचा वेग नमूद करावा.

या परिसरातील अनेक विद्यार्थी शिकत असतानाच राबलेले असतात आणि नेमके तेच लिहायला संकोचतात. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत रुजवली. या योजनेतून ग्रंथालयात, कार्यालयात किंवा शेतावर केलेले काम हा अनुभवच आहे व तो कालावधीसह नोंदवला पाहिजे. घरच्या द्राक्षबागेत फवारणीचे वेळापत्रक आणि मजुरांचा हिशेब सांभाळलेल्या मुलीने खते-औषधांच्या विक्री कंपनीकडे अर्ज करताना ते गाळणे म्हणजे स्वतःच्याच जमेची बाजू पुसणे होय.

स्पर्धा परीक्षांच्या तयारीत गेलेली वर्षे हा येथील बायोडेटातील सर्वांत अवघड भाग आहे. ती वर्षे लपवण्यासाठी तारखा पुढेमागे करणे धोक्याचे ठरते, कारण गुणपत्रक आणि अनुभवपत्र समोर ठेवताच तफावत उघड होते. ‘२०२१ ते २०२३ : राज्यसेवा परीक्षेची तयारी’ अशी सरळ ओळ लिहावी, पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झाली असल्यास तेही लिहावे, आणि त्या काळात शिकवण्या घेतल्या असल्यास त्या विषय व इयत्तेसह द्याव्यात.

मांडणीबाबत थोडे नियम पुरतात. अनुभवी व्यक्तीने अलीकडची नोकरी आधी लिहावी. नवख्याने शिक्षण आधी द्यावे व एका पानात थांबावे. पुण्यातील मोठ्या कंपन्यांत अर्जांची पहिली छाननी अनेकदा सॉफ्टवेअर करते आणि चौकटी-चित्रांतला मजकूर त्याला नीट वाचता येईलच असे नाही. म्हणून मांडणी साधी ठेवावी, आणि जाहिरातीत मागितलेले कौशल्य अंगी असेल तर ते जाहिरातीतल्याच शब्दांत लिहावे. मराठी बायोडेटा युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ स्वरूपात पाठवावा. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधील फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास निरर्थक अक्षरे दिसतात. फाइलला ‘बायोडेटा नवीन’ असे नाव न देता स्वतःचे नाव आणि पद द्यावे, म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेल्या ढिगातून ती पुन्हा सापडते. संदर्भासाठी शिक्षकाचे किंवा वर्कशॉपच्या फोरमनचे नाव देण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी आणि कोणत्या नोकरीसाठी अर्ज केला आहे हे त्यांना कळवून ठेवावे.