साखर आणि झायलिटॉल: दिसायला सारखी, कुत्र्याच्या शरीरात मात्र अगदी वेगळी

साखर एका बशीत आणि झायलिटॉल हे ‘शुगर-फ्री’ पदार्थांत साखरेऐवजी वापरले जाणारे गोडकारक दुसऱ्या बशीत ठेवले, तर नुसते पाहून कोणती बशी कशाची आहे हे सांगता येणार नाही. दोन्ही पदार्थ पांढरे आणि स्फटिकरूप आहेत, दोन्ही पाण्यात सहज विरघळतात आणि दोघांची गोडीही जवळजवळ सारखीच असते. झायलिटॉल विरघळताना भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे ते जिभेवर किंचित गार लागते. जाणवण्याजोगा फरक काय तो एवढाच. कुत्रा पाळणाऱ्या घरात मात्र हे दोन पदार्थ एकच समजणे जीवघेणे ठरू शकते, आणि त्यातही अधिक घातक गैरसमज असा, की साखर कुत्र्याला वाईट असल्यामुळे ‘शुगर-फ्री’ पदार्थ त्याला अधिक सुरक्षित असतील.

आपण रोज वापरतो ती साखर म्हणजे सुक्रोज. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांच्या जोडीतून ती बनते आणि कुत्र्याच्या आतड्यात तिचे हेच दोन घटक पुन्हा सुटे होतात. झायलिटॉल हे पाच कार्बन अणूंचे ‘शुगर अल्कोहोल’ आहे. नावात अल्कोहोल असले तरी त्याचा मद्याशी संबंध नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्याने १८९१ मध्ये ते बीच वृक्षाच्या लाकडापासून मिळवले. आज ते मुख्यतः बर्चचे लाकूड आणि दाणे काढलेली मक्याची कणसे यांपासून तयार होते. माणसासाठी ते खरोखरच उपयोगी आहे. साखरेच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ किलोकॅलरी मिळतात, तर याच्या एका ग्रॅममधून सुमारे २.४, शिवाय दात किडवणाऱ्या जिवाणूंना त्यापासून आम्ल तयार करता येत नाही. म्हणूनच ते च्युइंग गम, टूथपेस्ट, माउथवॉश, चघळण्याच्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या, खोकल्याची काही औषधे, काही पीनट बटर आणि मधुमेहींसाठी बनवलेले केक-बिस्किटे अशा अनेक वस्तूंत आढळते.

खरा फरक सुरू होतो तो स्वादुपिंडापाशी. माणसाच्या शरीरात झायलिटॉल सावकाश शोषले जाते आणि त्यामुळे इन्सुलिन जेमतेम वाढते. कुत्र्याच्या शरीरात ते झपाट्याने रक्तात उतरते आणि त्याचे स्वादुपिंड, जणू ग्लुकोजचा मोठा लोंढाच आला आहे असे धरून, तेवढ्याच ग्लुकोजसाठी सोडले असते त्याच्या कितीतरी पट इन्सुलिन सोडते. साखर खाल्ल्यावर इन्सुलिन वाढते तेव्हा रक्तात ग्लुकोजही वाढलेले असते, त्यामुळे तोल सांभाळला जातो; झायलिटॉलच्या बाबतीत इन्सुलिन येते, पण ज्यासाठी ते यायचे ते ग्लुकोज आलेलेच नसते. परिणामी रक्तात आधीपासून असलेले ग्लुकोज वेगाने पेशींत ढकलले जाते आणि सतत ग्लुकोजवर चालणारा मेंदू उपाशी पडतो. त्याबरोबर रक्तातील पोटॅशियमही घसरू शकते.

साखरेचे दुष्परिणाम खरे असले तरी संथ असतात. ती वारंवार दिल्यास वजन वाढते आणि दात बिघडतात, एकदम जास्त खाल्ल्यास जुलाब होतात. झायलिटॉलचे गणित ग्रॅममध्ये आणि मिनिटांत करावे लागते. कुत्र्याच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे ०.१ ग्रॅम झायलिटॉल पोटात गेले, तरी रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणजे १० किलोच्या कुत्र्याला अवघा एक ग्रॅम पुरतो आणि काही ब्रँडच्या गमच्या एक-दोन तुकड्यांतच तेवढे झायलिटॉल असू शकते. किलोमागे ०.५ ग्रॅमच्या आसपास मात्रा पोहोचली की यकृताच्या पेशी मरण्याचा धोका उभा राहतो. चहाच्या एका चमच्यात सुमारे ४ ग्रॅम झायलिटॉल मावते, यावरून ८ किलोच्या कुत्र्यासाठी ही सीमा किती जवळ आहे ते लक्षात यावे.

उलटी, मलूलपणा, झोकांड्या, थरथर आणि पुढे झटके ही लक्षणे अनेकदा अर्ध्या ते एका तासात दिसतात. गममधील झायलिटॉल हळूहळू सुटत असल्याने कधी कधी त्यांना १२ तासही लागतात. यकृताची इजा एक-दोन दिवस दबून राहू शकते आणि रक्तशर्करा न घसरताही होऊ शकते, म्हणून सकाळी गम खाल्लेला कुत्रा संध्याकाळी खेळताना दिसला तरी निर्धास्त होऊ नये.

या दोन पदार्थांतील सर्वांत मोठा फरक उपचारात दिसतो, कारण एकाने केलेली हानी भरून काढण्यासाठी दुसऱ्याचाच आधार घ्यावा लागतो. पशुवैद्य शिरेतून ग्लुकोज देतात. दवाखान्यात पोहोचेपर्यंत कुत्रा अशक्त वाटत असेल, तर त्याच्या हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळता येतो. मात्र तो शुद्धीवर नसेल किंवा त्याला झटके येत असतील, तर तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न तर कधीच करू नये, कारण त्यातून मिठाची विषबाधा होते. इतर अनेक विषांवर उपयोगी पडणारा सक्रिय कोळसा झायलिटॉलला फारसा धरून ठेवत नाही, त्यामुळे त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

‘शुगर-फ्री’ या शब्दांवरून मात्र काहीच ठरवता येत नाही. एरिथ्रिटॉल आणि स्टेव्हिया ही गोडकारके कुत्र्यात असा इन्सुलिनचा उद्रेक घडवत नाहीत. सॉर्बिटॉलने जुलाब होऊ शकतात, पण हा विशिष्ट धोका त्यातही नाही. तरीही एकाच पाकिटात दोन-तीन गोडकारके मिसळलेली असतात, म्हणून घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. तिथे झायलिटॉल ‘बर्च शुगर’, ‘वूड शुगर’ किंवा ‘ई९६७’ या नावांनीही असू शकते, आणि नुसते ‘शुगर अल्कोहोल’ लिहिले असेल तर ते झायलिटॉलच आहे असे धरून चालावे.

असे काही खाल्ल्याचा संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना फोन करावा आणि कुत्र्याचे वजन, साधारण किती तुकडे गेले, किती वेळापूर्वी गेले आणि पाकिटावर काय छापले आहे ते सांगावे. ते पाकीट, फाटलेले असले तरी, सोबत न्यावे.