व्हाईट स्पॉट (अ‍ॅक्वेरियममधला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग)

व्हाईट स्पॉट, म्हणजे मासेवाले ज्याला इक म्हणतात तो, गोड्या पाण्यातल्या माशांना होणारा परजीवीचा रोग आहे आणि घरी टँक ठेवणाऱ्याची त्याच्याशी कधी ना कधी गाठ पडतेच. तो होतो इक्थायोफ्थिरियस मल्टिफिलिस नावाच्या एकपेशीय जीवामुळे, त्याचं पहिलं वर्णन फुके या फ्रेंच माणसाने १८७६ मध्ये केलं. माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसतात, जास्तीत जास्त एक मिलिमीटरचे. पण ठिपके दिसायच्या आधीच मासा सांगत असतो, तो खडीवर नाहीतर फिल्टरच्या पाइपवर अंग घासतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, खाणं सोडतो. कधी कधी परजीवी फक्त कल्ल्यांत शिरतो, तेव्हा अंगावर एकही ठिपका नसतो आणि मासा वर येऊन धापा टाकत असतो, आणि हे सगळ्यात वाईट.

ओळखण्यात एक घोटाळा नेहमी होतो. नर गोल्डफिश विणीला आला की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि छातीच्या पराच्या पुढच्या काडीवर पांढरे बारीक दाणे येतात, अगदी ओळीत आल्यासारखे, आणि लोक घाबरून टँकमध्ये औषध ओततात. तो रोग नाही, त्याला हात लावू नका. सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसत असेल तर तो वेल्व्हेट नावाचा दुसराच रोग, कापसासारखे पुंजके असतील तर ते आणखी वेगळं.

आता मुख्य गोष्ट, आणि हीच न कळल्यामुळे लोकांचे मासे मरून राहिले आहेत. जो ठिपका दिसतो त्यात परजीवी माशाच्या कातडीखाली बसून खात असतो, तिथे कुठलंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून खाली पडतो, खडीवर, पानांवर, काचेवर कवच करून बसतो, आतल्या आत फुटत जातो आणि एकाचे शेकडो, कधी हजारच्या आसपास पिल्लं होऊन पाण्यात सुटतात. या पोहणाऱ्या पिल्लांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात, आणि औषध चालतं ते फक्त यांच्यावर. म्हणून तिसऱ्या दिवशी ठिपके गेले म्हणून औषध बंद केलं की आठवड्यात दुपटीने परत येतात, कारण ते बरे झालेले नसतात, खाली वाढत असतात. २५ अंशांच्या आसपास हे चक्र चार ते सहा दिवसांत पुरं होतं, १० अंशांच्या थंड पाण्यात त्याला महिन्याच्या वर लागतो.

नागपुरात याचा खरा सीझन डिसेंबर-जानेवारी. इथली थंडी मोठ्या फरकाची असते, दुपारी ऊन आणि पहाटे पारा दहाच्या खाली, २९ डिसेंबर २०१८ ला तर ३.५ पर्यंत उतरला होता. हीटर नसलेल्या टँकचं पाणी रात्रीतून चांगलंच उतरतं, माशाची ताकद कमी होते, त्यात सकाळी छतावरच्या काळ्या टाकीतलं गार पाणी बदलायला घातलं की झालंच. पाणी बदलताना थोडं कोमट मिसळून हाताला सारखं लागेल असं करा, आणि नळाचं असेल तर क्लोरीन काढणारं औषध आधी घाला. उन्हाळ्यात पाणी आपोआप तीसच्या वर जातं म्हणून त्रास कमी, पण टँक कूलरच्या झोतात असेल तर दिवसरात्रीचा फरक तिथेही पडतो.

उपचार टँकमध्येच करायचा, फक्त आजारी मासा बाहेर काढून उपयोग नाही. हीटरने दिवसाला एक-दोन अंश असं करत पाणी ३० पर्यंत न्यायचं, त्याने चक्र लवकर फिरतं आणि पिल्लं औषधाच्या तावडीत सापडतात. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहतो म्हणून एअर पंप चोवीस तास चालू, लाइट गेली तर बॅटरीवाला पंप हाताशी ठेवा. गोल्डफिशला एवढी उष्णता नको, त्याला २५-२६ वर ठेवून जास्त दिवस औषध द्या. नुसत्या उष्णतेवर मात्र भरवसा नको, या परजीवीचे काही वाण तीसलाही टिकतात.

दुसरं मीठ, साधं खडे मीठ, आयोडीन नसलेलं. लिटरला १ ते २ ग्रॅम. दोन फूट बाय एक बाय एकच्या टँकमध्ये खडी आणि वरची रिकामी जागा सोडून साधारण ४५ लिटर पाणी असतं, म्हणजे २ ग्रॅमने ९० ग्रॅम, ते वेगळ्या मगात विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घालायचं. झाडं आणि कोरिडोरास, लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना मीठ सोसत नाही, तिथे एक ग्रॅमच्या वर जाऊ नका.

जास्त असेल तर मलाकाइट ग्रीन आणि फॉर्मलिनचं तयार औषध, बाटलीवरच्या मापाने, खवले नसलेल्या माशांना अर्धा डोस. हातमोजे घाला, आणि खाण्याच्या माशांच्या हौदात हे कधीच वापरू नका. फॉर्मलिनमध्ये तळाशी पांढरा साका दिसला तर ती बाटली फेका, तो विषारी असतो. मिथिलीन ब्लू वेगळ्या टबात ठीक, मुख्य टँकमध्ये ते फिल्टरमधले चांगले बॅक्टेरिया मारतं आणि काचांच्या जोडातलं सिलिकॉन कायमचं निळं करतं. तांब्याची औषधं शिंपले-झिंगे असतील तर नकोच. औषध चालू असताना फिल्टरमधला कार्बन काढायचा नाहीतर तो औषधच शोषून घेतो, आणि दर एक-दोन दिवसांनी खडी सायफनने ओढून २५ टक्के पाणी बदलायचं कारण निम्मे शत्रू तिथेच बसलेत. जेवढं पाणी काढलं तेवढ्याचंच मीठ आणि औषध परत घालायचं. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर हे चालू ठेवायचं.

इक प्रत्येक पाण्यात लपून असतोच हा समज चूक आहे, माशाशिवाय तो फार दिवस जगत नाही. तो येतो नवीन माशासोबत, दुकानातल्या पाण्यासोबत, ओल्या जाळीसोबत. नवीन मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबात ठेवा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका, जाळी उन्हात कडक वाळवून मगच दुसऱ्या टँकला लावा.