शेक्सपियर आणि सर्व्हान्टिस एकाच दिवशी गेले का?

दर एप्रिलला फिरणारा फॉरवर्ड: इंग्लंडचा शेक्सपियर आणि स्पेनचा सर्व्हान्टिस ('डॉन किहोते' कादंबरीचा लेखक), दोघं एकाच दिवशी गेले, 23 एप्रिल 1616.

वाचायला इतकं सुंदर वाटतं की खरं असावं असंच वाटतं, आणि तारीख तर दोन्हीकडे लिहिलेली सापडते, म्हणून विश्वास बसणं साहजिक आहे. पण कॅलेंडर वेगळी होती. स्पेनने 1582 मध्येच नवीन ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं, 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर. इंग्लंड मात्र जुन्या ज्युलियनवरच राहिलं, ते बदललं थेट 1752 मध्ये. म्हणजे 1616 ला इंग्लंडची तारीख स्पेनच्या 10 दिवस मागे. शेक्सपियर गेला तेव्हा स्पेनमध्ये 3 मे उजाडला होता.

त्यात सर्व्हान्टिस बहुधा 22 लाच गेला, 23 ही दफनाची तारीख.

स्वतः बघायचंय? ग्रेगोरियन कॅलेंडर दर 400 वर्षांनी वारांसकट तसंच्या तसं येतं, म्हणून मोबाइलमध्ये 2016 उघडा: 23 एप्रिल शनिवार, 3 मे मंगळवार. स्पेनमध्ये त्या 23 ला शनिवार होता आणि इंग्लंडमधल्या 23 ला मंगळवार, मग एकच दिवस कसा असेल?

आणि हो, शेक्सपियरचा वाढदिवसही 23 एप्रिल सांगतात, पण चर्चच्या रजिस्टरमध्ये फक्त बाप्तिस्मा आहे, 26 एप्रिल 1564. जन्मतारीख कुठेच नोंदलेली नाही.