लुसीनमधील पूर्णांक फील्ड आणि रेंज क्वेरी

लुसीन या जावा भाषेतील शोध-लायब्ररीत 'किंमत 200 ते 500' किंवा 'प्रकाशनवर्ष 1897 ते 2013' असा दोन टोकांमधला शोध घेण्याला रेंज क्वेरी म्हणतात. एकेक नोंद न चाळता तो घेता यावा, यासाठी पूर्णांकांचे फील्ड, म्हणजे नोंदीतला रकाना, विशिष्ट रीतीने इंडेक्स करावे लागते, म्हणजे शोधासाठी आधीच सूचीत मांडून ठेवावे लागते. डग कटिंग यांनी 1999 मध्ये लिहिलेली ही लायब्ररी 2001 मध्ये अपाची प्रतिष्ठानाकडे आली. सोलर आणि इलॅस्टिकसर्च ही शोध-सॉफ्टवेअर तिच्यावरच उभी आहेत.

लुसीनची मूळ घडण शब्दांसाठी आहे. तिच्या उलट्या सूचीत प्रत्येक शब्दापुढे तो ज्या नोंदींत आला त्यांचे क्रमांक असतात, आणि शब्द कोशातल्यासारखे अक्षरक्रमाने लावलेले असतात. आकडेही शब्द म्हणूनच घातले तर 10 हा 9 च्या आधी येतो आणि '9 ते 10' हा शोध रिकामा परततो. पूर्वी यावर डावीकडे शून्ये भरत, 0009, 0010 अशी. त्याने क्रम सुधारे, पण ऋण संख्या आल्या की पुन्हा बिघडे. शिवाय सुरुवातीच्या आवृत्त्या रेंजमधली प्रत्येक वेगळी किंमत (म्हणजे फील्डमधली संख्या) 'किंवा'ने जोडत, आणि अशा जोडण्यांची मर्यादा 1024 होती. मिलिसेकंदापर्यंतची वेळ साठवलेल्या फील्डवर एका दिवसाचा शोधही त्रुटी देऊन थांबे.

मराठी मजकुरात आणखी एक पेच आहे. शब्द म्हणून पाहिले तर '१९६०' आणि '1960' ही दोन निराळी पदे ठरतात. लुसीनमधला डेसिमलडिजिटफिल्टर सर्व लिप्यांतले अंक एकाच रूपात आणतो. वर्षाचे फील्ड खऱ्या पूर्णांकाचे ठेवले तर प्रश्न मुळातच उरत नाही, कारण मजकुराची संख्या करणारे जावाचे पार्सइंट हे फंक्शन देवनागरी अंकही नीट वाचते.

खरी सुटका 2009 च्या 2.9 आवृत्तीत झाली. उवे शिंडलर यांनी पँगिया या भूविज्ञान व पर्यावरणविषयक माहितीच्या जर्मन भांडारासाठी बांधलेली पद्धत न्युमरिकरेंजक्वेरी या नावाने लुसीनमध्ये आली. तिच्यात संख्या एकदाच नव्हे, तर उत्तरोत्तर ढोबळ होत जाणाऱ्या अनेक रूपांत नोंदवतात. दशमान पद्धतीत सांगायचे तर 1934 या वर्षासाठी 1934, '193 ने सुरू', '19 ने सुरू' आणि '1 ने सुरू' अशी चार पदे. आता 1897 ते 2013 ही 117 वर्षे शोधायची तर 1897, 1898, 1899 ही तीन, मग '19 ने सुरू', '200 ने सुरू' आणि 2010 ते 2013 ही चार, अशी अवघी नऊ पदे पुरतात. मधला मोठा पट्टा ढोबळ पदांनी उचलला जातो. बारीक काम फक्त दोन कडांना करावे लागते. प्रत्यक्षात पायऱ्या दशमान नसून बिटांच्या असतात. चार-चार बिटांची पायरी घेतली तर 64 बिटांच्या संख्येची 16 पदे होतात, आणि रेंज कितीही मोठी असली तरी 465 हून अधिक पदे लागत नाहीत. किंमत मोजावी लागते ती इंडेक्सच्या आकाराने.

2016 च्या 6.0 आवृत्तीपासून संख्या उलट्या सूचीतून बाहेर पडल्या. इंटपॉइंट (32 बिटांचे पूर्णांक) आणि लाँगपॉइंट (64 बिटांचे) ही फील्ड बीकेडी-ट्री या वृक्षरचनेत साठतात. जॉन बेंटली यांच्या 1975 च्या केडी-ट्रीचे हे डिस्कसाठी घडवलेले रूप. किमती क्रमाने लावून त्यांचे गठ्ठे पाडतात. अलीकडच्या आवृत्त्यांत एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त 512. क्वेरी वृक्षात उतरताना प्रत्येक फांदीला एकच प्रश्न विचारते: ही रेंजच्या बाहेर, पूर्ण आत, की कडेवर? बाहेरची सोडून दिली जाते, पूर्ण आतली एकही किंमत न तपासता घेतली जाते, आणि किमती वाचाव्या लागतात त्या कडेवरच्या गठ्ठ्यांतल्याच. ऋण संख्यांचा जुना गोंधळही एका छोट्या युक्तीने मिटतो. ऋण-धन चिन्हाचा बिट उलटवून मोठ्या स्थानमूल्याचा बाइट आधी लिहिला, की बाइटांचा क्रम आणि संख्यांचा क्रम एकच होतो. मला ही युक्ती या साऱ्या रचनेतली सर्वांत देखणी वाटते.

लाँगपॉइंट केवळ शोधापुरते असते. किंमत निकालात दाखवायची तर ती स्वतंत्रपणे साठवावी लागते, आणि तिच्यावरून क्रम लावायचा तर डॉक व्हॅल्यूज हा, प्रत्येक नोंदीपुढे तिची किंमत ठेवणारा स्तंभ हवा. दुसऱ्या अटीने मोजक्याच नोंदी उरल्या असतील तर वृक्षात उतरण्याऐवजी त्या स्तंभात थेट डोकावणे स्वस्त पडते. इंडेक्सऑरडॉकव्हॅल्यूजक्वेरी ही निवड स्वतः करते. रेंजची दोन्ही टोके धरली जातात, म्हणून '500 पेक्षा कमी' हवे असल्यास 499 लिहावे. मजकूर म्हणून भरलेले जुने फील्ड पूर्णांकाचे करायचे तर सर्व नोंदी पुन्हा इंडेक्स करण्यावाचून गत्यंतर नाही.

आयएसबीएन, खाते क्रमांक, ग्राहक क्रमांक हे दिसायला आकडे असले तरी त्यांची रेंज कोणी विचारत नाही. ते तंतोतंतच शोधले जातात, आणि त्यासाठी उलट्या सूचीतले साधे पदच जलद ठरते.