गंजिफांची पारख

गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल खेळपत्त्यांचा संच खरोखर जुना आहे, की नव्याने करून जुना भासवलेला, हे ठरवण्याची पद्धती. कोकणात तिचा संबंध मुख्यतः सावंतवाडीच्या (जि. सिंधुदुर्ग) गंजिफांशी येतो. ऑनलाइन विक्रीत ‘दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा संच’ म्हणून मोठ्या रकमा मागितल्या जातात. खेळाडूंच्या छापील कार्डांची प्रतवारी करून ती सीलबंद डबीत देणाऱ्या संस्था अमेरिकेत आहेत. त्यांपैकी पीएसए १९९१ पासून काम करते. गंजिफांच्या बाजारात तशी प्रतवारी रूढ नाही. त्यामुळे निवाडा फोटो, भिंग आणि उजेड यांवरच करावा लागतो.

उगमाचा वाद : भारतातील गंजिफांचा सर्वांत जुना निश्चित उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ च्या नोंदीत येतो; सिंधमधील शाह हसन याला त्याने गंजिफा पाठवल्या होत्या. अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या (म्हणजे पानांच्या बारा गटांच्या), १४४ पानांच्या खेळाचे वर्णन केले असून बारा हा आकडा प्राचीन ऋषींनी ठरवला, असे म्हटले आहे. खेळ मूळचा भारतीयच, असे मानणारे अभ्यासक याच वाक्याचा आधार घेतात. मात्र इस्तंबूलच्या तोपकापी संग्रहालयातील इजिप्तच्या मामलूक सुलतानांच्या काळातील पत्ते आणि त्यांच्याशी जोडले जाणारे ‘कंजिफा’ हे नाव पाहता खेळ पश्चिमेकडून, इराणमार्गे आला हे मत अधिक ग्राह्य वाटते. विष्णूच्या दहा अवतारांवर बेतलेल्या दशावतारी गंजिफा हे त्याचे वैष्णव रूपांतर असून ते सतराव्या-अठराव्या शतकांत झाले असावे.

सावंतवाडीत ही कला तेथील राजे तिसरे खेम सावंत (कार. १७५५–१८०३) यांच्या काळात, दरबारी आलेल्या तेलंगी पंडितांबरोबर आली, अशी परंपरा आहे. ती मानली तरी पारखीला तिचा उपयोग मर्यादितच. ‘खेम सावंतांच्या दरबारातील संच’ असे विक्रेत्याने लिहिले आणि सोबत जुनी यादी, पत्र किंवा मालकीचा कागद नसेल, तर त्या वाक्याला किंमत देऊ नये.

पारखीच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट अलीकडची आहे. छापील बावन्नपानी पत्त्यांपुढे गंजिफा मागे पडल्या आणि चितारी घराण्यांपैकी फार थोडे कारागीर उरले. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशिलादेवी भोसले यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या जाणून घेतली आणि १९७० च्या दशकात राजवाड्यात काम पुन्हा उभे केले. तेथील संच उत्तम व प्रामाणिक आहेत, नवे म्हणूनच विकले गेले आहेत. पण चाळीस-पन्नास वर्षे कपाटात राहिलेला असा संच पुढच्या विक्रीत सहज ‘संस्थानकालीन’ होतो. पारखीत खरी अडचण येते ती याच संचांची. ढोबळ नकला ओळखणे त्यामानाने सोपे.

पानांची मोजणी : दशावतारी संचात दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी, मिळून १२० पाने, आठ रंगांच्या मुगली, म्हणजे चंगकांचनी संचात ९६. सुटे पान फोटोवरून कधीही महाग घेऊ नये, कारण निर्णायक पुरावा पानापानांतील साम्यात व फरकात असतो. विक्रेत्याकडे सर्व पानांच्या दर्शनी बाजू, सर्व पाठी, गड्डीची कड मोजपट्टीसह आणि एक फोटो बाजूने पाडलेल्या तिरप्या उजेडात, असे मागावे. फ्लॅश नको, लाखेच्या चकाकीत सगळे दोष बुडतात. पाठीच्या लाल रंगाची छटा एकदोन पानांत वेगळी असेल, तर ती हरवलेल्या पानांच्या जागी नंतर केलेली असू शकतात. त्याने संच बनावट ठरत नाही, किंमत मात्र उतरते.

चित्र : दहापट भिंगाखाली कुंचल्याची रेघ सुरुवातीला व शेवटी बारीक-जाड होते आणि कडेला रंगाची किंचित उंच वळी दिसते. छपाईत ठिपके दिसतात. काही नकलांत बाह्यरेषा छापून वरून हाताने रंग भरतात. तेथे राजाचा चेहरा पाहावा, कारण तिथे रंग पातळ असतो आणि खालचे ठिपके डोकावतात. मत्स्य अवताराच्या रंगातील सत्तीवरचे सात मासे एकमेकांवर ताडून पाहावेत. हाताचे सात मासे कधी तंतोतंत जुळत नाहीत; शेपटीचा एकच चुकलेला फटकारा सातही ठिकाणी आढळला तर पान छापील. सुबकतेवरून काळ ठरवू नये. दरबार कलमाची नाजूक पाने आणि बाजार कलमाची ढोबळ पाने एकाच काळात होत.

कागद व लाख : जुनी पाने कागदाचे थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवून, वर खडूचा लेप देऊन, घोटून तयार करीत. ३६५ नॅनोमीटरच्या अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने अंधारात कडेचा उघडा कागद पाहावा. तो निळसर-पांढरा लखलखला, तर त्यात विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रूढ झालेली शुभ्रक द्रव्ये आहेत. एकोणिसाव्या शतकाचा दावा तेथेच संपतो. न चमकणे मात्र जुनेपणाचा पुरावा नव्हे, कारण तसा कागद आजही मिळतो. नंतरच्या डागडुजीचा गोंदही चमकतो, म्हणून निदान पाच-सहा पाने तपासावीत. खरी लाख याच उजेडात नारिंगी दिसते. स्पिरिटचा बोळा फिरवून लाख तपासण्याचा सल्ला दिला जातो. तो पाळू नये, स्पिरिटने लाख विरघळते आणि पान कायमचे बिघडते.

झीज व दमटपणा : कोकणच्या पावसाळी हवेत लाखेवर पांढुरकी साय धरते, कडेचे थर सुटतात आणि खळीमुळे कसर लागते. त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरात शतकभर राहिलेला निष्कलंक संच संशयास्पद. पण घट्ट पेटीत आणि कोरड्या माडीवर ठेवलेला संच टिकतोही. कसरीचे भोक एका पानातून शेजारच्या पानात जाते. पाने पेटीतल्या क्रमाने रचली की भोके एका रेषेत येतात. विक्रेत्याने पाने पिसली असतील तर हा क्रम मोडतो, म्हणून पेटी उघडतानाचाच फोटो मागणे चांगले. सुईने पाडलेल्या भोकाची कड एका बाजूला उचललेली असते. चहाच्या पाण्याने जुनी केलेली पाने मध्यापर्यंत सारखी तांबूस होतात; हाताळणीचा मळ कडेला आणि लाखेच्या भेगांत साचतो.

कायदा : पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांपूर्वीची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. शंभर वर्षांखालील संच परदेशी पाठवताना पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला उपयोगी पडतो. एकाच जाहिरातीत ‘दोनशे वर्षांपूर्वीचा’ आणि ‘जगभर घरपोच’ असे दोन्ही लिहिले असेल, तर त्यातले एक तरी खोटे आहे किंवा व्यवहार बेकायदा आहे.