सीजीए मॉनिटर : आधुनिक संगणकासह वापर

आयबीएमच्या कलर ग्राफिक्स अ‍ॅडाप्टर (सीजीए) कार्डासाठी बनवलेल्या पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरवर आजच्या संगणकाचे चित्र उमटवण्याची पद्धत. हे कार्ड १९८१ मध्ये पहिल्या आयबीएम पीसीबरोबर आले. कंपनीचा स्वतःचा ५१५३ हा रंगीत मॉनिटर मात्र नंतरचा. तो साधारणपणे १९८३ चा मानतात.

खरी अडचण जोडणीच्या पिनांची नसून वेळेची आहे. सीजीएमध्ये ठिपक्यांचा दर १४.३१८ मेगाहर्ट्‌झ असतो. एका रेषेला ९१२ ठिपक्यांइतका वेळ लागतो व त्यांपैकी ६४० दिसतात. म्हणजे सेकंदाला सुमारे १५,७०० रेषा. २६२ रेषांची एक चौकट धरल्यास जवळपास ६० चौकटी. १९८७ च्या व्हीजीए या आयबीएमच्याच नंतरच्या चित्रपद्धतीने रेषांचा वेग दुप्पट केला, म्हणून तिचा संकेत या मॉनिटरला थेट चालत नाही. एचडीएमआय या आजच्या जोडणीला तर किमान २५ मेगाहर्ट्‌झचा दर लागतो, म्हणून प्रत्येक ठिपका दोनदा पाठवून तो २८.६ मेगाहर्ट्‌झवर नेतात. ट्यूब ठिपके मोजत नाही, रेषेची वेळ तेवढी पाळते. त्यामुळे चित्रात फरक पडत नाही.

दुसरा प्रश्न रंगांचा. मॉनिटरला लाल, हिरवा, निळा व तीव्रता अशा चार तारांवर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच कळते. त्यातून १६ रंग होतात. सहाव्या क्रमांकाचा रंग लाल व हिरवा मिळून गडद पिवळा व्हायला हवा, पण ५१५३ वर तो तपकिरी दिसतो. याचे श्रेय क्वचित कार्डाला दिले जाते; परंतु कार्डातून चारच बिटे बाहेर पडतात हे पाहता हिरवा निम्म्यावर आणणारे मंडल मॉनिटरमधीलच, हे मत अधिक ग्राह्य वाटते. असे मंडल नसलेल्या इतर मॉनिटरांवर तोच रंग मोहरीसारखा पिवळा येतो. आधुनिक संगणकात तपकिरी रंग लाल १७०, हिरवा ८५, निळा ० असा साठवलेला असतो. प्रत्येक रंगाचे फक्त सर्वांत वरचे बीट उचलले, तर ८५ चा हिरवा गळतो आणि तपकिरीच्या जागी गडद लाल उमटतो. म्हणून रंगकोष्टक सॉफ्टवेअरमध्येच जुळवून घ्यावे लागते.

या कामाला रास्पबेरी पाय हा एका पट्टीवरचा छोटा संगणक सोयीचा, कारण त्याच्या पिनांवरून रंगांची बिटे सरळ काढता येतात. त्याचे ३.३ व्होल्ट ७४एचसीटी मालिकेतील बफर चिपने ५ व्होल्टांवर नेणे श्रेयस्कर.

रेषांचा वेग चुकीचा दिल्यास जुन्या मॉनिटरचे आडवे विचलन मंडल (किरण डावीउजवीकडे फिरवणारे) तापून निकामी होऊ शकते. अमेरिकी बाजारातील ५१५३ भारतातील २३० व्होल्टांवर थेट लावू नये. मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा.