टर्बो पेट्रोल गाडीचे प्लग: बदलण्याआधी एवढं वाचा

गाडी सपाट रस्त्यावर गुमान चालते. पण चौघं बसले, माहूरचा चढ लागला आणि पाय दाबला की झटके मारते. ही तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, पेट्रोलात पाणी आहे. पंपवाल्याला शिव्या देऊन झालेल्या असतात. आम्ही कॉइल (प्लगला वीज पुरवणारा भाग) उचलून स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, बाहेर काढतो, आणि पुष्कळदा चोर तिथंच सापडतो.

टर्बो हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. अशा दाटलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कॉइलला जास्त व्होल्टेज लागतं, आणि प्लगचा गॅप, म्हणजे मधलं टोक आणि वरची पट्टी यांतली फट, मोठा असेल तर त्याहून जास्त. साध्या चालीत भागून जातं; चढावर टर्बोचा दाब वाढला की ठिणगीच पडत नाही. तीन सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर असा बसला की अख्खी गाडी थरथरते.

विनाटर्बो पेट्रोल इंजिनात 1.0 ते 1.1 मिमी गॅप सर्रास असतो. टर्बोत तो बहुधा 0.7 ते 0.8 च्या आसपास. शेवटचा शब्द मात्र तुमच्या गाडीच्या पुस्तकाचा. 0.1 मिमी म्हणजे वहीच्या एका कागदाएवढी जाडी, पण तेवढ्यानंही फरक पडतो. प्लग झिजतो तसा गॅप आपोआप वाढत जातो, म्हणून कालपर्यंत चांगली असलेली गाडी आज मिसिंग करते, म्हणजे मधेच ठिणगी चुकवते. उलट, गॅप फार कमी केला तर ठिणगी लहान पडते आणि गाडी उभी असताना धडधडते.

जुने मिस्त्री हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप बघायचे. लुनाला, राजदूतला ते चालून गेलं. इरिडियम या कठीण धातूच्या टोकाच्या प्लगला नाही. त्याचं मधलं टोक 0.4 ते 0.6 मिमी जाडीचं, सुईसारखं. त्यावर ब्लेड रेटलं की तुटलंच समजा. आम्ही तारेच्या गेजनं मोजतो, आणि वाकवायचं झालं तर फक्त वरची पट्टी, मधल्या टोकाला हात न लावता. इरिडियम प्लग तारेच्या ब्रशनं घासूनही देत नाही, कितीही आग्रह केला तरी.

आता नंबर. “आटे सारखे आहेत, बसतो ना” एवढ्यावर प्लग घेऊ नका. प्लगवरच्या नंबरात त्याची उष्णता बाहेर टाकण्याची ताकदही असते. टर्बोला बहुधा थंड जातीचा, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा प्लग लागतो. घोटाळा असा की एनजीके आणि डेन्सोत आकडा मोठा तितका प्लग थंड, तर बॉशमध्ये नेमकं उलटं. कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवला की फसलात.

मे महिन्यात हमखास येणारा प्रश्न: “भाऊ, 45 डिग्री तापून राहिलं, अजून थंड प्लग टाकू का?” नको. प्लगचं टोक साधारण 450 ते 850 अंशांत काम करतं, बाहेरच्या उन्हानं त्याला फारसा फरक पडत नाही. गरजेपेक्षा थंड प्लग टाकला तर गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत तो पुरेसा तापत नाही आणि काजळी धरतो. इंजिन रिमॅप केलं असेल, म्हणजे जास्त ताकदीसाठी त्याच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलली असेल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल तर आम्हाला आधीच सांगा, लपवू नका.

(डिझेलवाल्यांनो, तुमच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. असतो तो हीटर प्लग.)

एकदा आमच्याच पोराच्या हातून नवा प्लग फरशीवर पडला. त्यानं पुसून तसाच बसवला. पट्टी दबून गॅप मिटला होता. गाडी सुरू झाली ती दोनच सिलिंडरवर. तेव्हापासून पडलेला प्लग आम्ही बसवत नाही, कारण प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला गेलेला तडा वरून दिसत नाही. त्याचे पैसे आमच्याकडून.

इंजिन थंड व्हायला गाडी दोनेक तास आधी आणून लावा. हेड अॅल्युमिनियमचं असतं. गरम इंजिनात प्लग फिरवला तर आटे जातात. खोलण्याआधी प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेनं उडवतो, मग नवा प्लग टॉर्क पान्यानं (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) बसवतो. जुने प्लग खोक्यात 1, 2, 3 असे मार्करनं लिहून परत देतो. टोक खाकी असेल तर ठीक, काळंकुट्ट किंवा पांढरं पडलेलं असेल तर कोणत्या सिलिंडरचं आहे ते पाहून पुढचं बोलू.